घरच्या कोल्ड पॅकचा काही महिन्यांचा अनुभव: आत काहीही भरा, खरी भानगड पिशवीची आहे

विकतचा जेल पॅक वॉरंटीतच शिवणीवर उसवला. निळं चिकट पाणी फ्रीझरमधून ओघळत खाली भाजीच्या ट्रेपर्यंत आलं, कोथिंबीर फेकून द्यावी लागली, आणि विकणाऱ्यांच्या कस्टमर केअरचं म्हणणं काय, तर "मॅडम हे कन्झ्युमेबलमध्ये येतं, फिजिकल डॅमेज कव्हर होत नाही". आता फ्रीझरमध्ये ठेवायची वस्तू फ्रीझरमध्ये ठेवली यात मी कसलं डॅमेज केलं हे मेलवर मेल टाकून विचारलं, शेवटी पुढच्या खरेदीवर 50 रुपये सूट असं कूपन आलं. म्हटलं राहू दे तुझं कूपन, घरीच करते.

आमच्याकडे या पॅकचा वापर भरपूर. लेक खो-खो खेळते, त्यामुळे घोटा मुरगळणं, गुडघा सुजणं आणि खांबावर सूर मारला की खांद्याची वाट लागणं हे चालूच. सासूबाईंचा जोर आंबेहळदीच्या लेपावर, फिजिओ सांगते बर्फ लाव, मग सकाळी बर्फ आणि रात्री लेप अशी तडजोड झालीय.

सुरुवात केली ती सगळे सांगतात त्या स्पिरिटच्या पॅकने. मेडिकलमधलं 70 टक्केवालं सर्जिकल स्पिरिट एक वाटी, पाणी दोन वाट्या, झिपवाल्या पिशवीत भरायचं, हवा काढायची, वरून दुसरी पिशवी, रात्रभर फ्रीझरला. पाण्याचा बर्फ होतो, स्पिरिट आपल्या घरच्या फ्रीझरच्या उणे 18 ला गोठत नाही, त्यामुळे दगड न होता लगदा तयार होतो आणि घोट्याभोवती छान वळतो. ज्यांच्याकडे 2020 मध्ये आणलेला सॅनिटायझरचा कॅन अजून माळ्यावर पडलाय त्यांनी तो वापरला तरी चालतो (जेलवाला असेल तर उत्तमच) पण पाणी घाला, नुसता सॅनिटायझर गोठतच नाही आणि उणे 18 चं ते थंडगार बुळबुळीत पाणी थेट कातडीवर म्हणजे जखम बरी करताना नवीन जखम.

पहिले काही आठवडे मी एवढी खूश होते की जाऊबाईंना, शेजारी, लेकीच्या टीममधल्या आयांना, सगळ्यांना हाच सांगत सुटले.

मग सुरू झालं पिशवीचं. आमचा सिंगल डोअर फ्रीज आहे, फ्रीझरच्या भिंतीला भुसभुशीत बर्फ धरतो. पिशवीचा एक कोपरा हमखास त्याला चिकटतो, सकाळी घाईत ओढली की तिथेच टरकते, आणि टरकलेलं दिसत नाही, कळतं ते लेकीच्या पायाखालची चादर भिजली की. बरं झिपचं तर विचारूच नका. गार झालं की ते प्लास्टिक ताठ होतं, गुडघ्यावर पिशवी वाकवली की झिपचं एक टोक मुकाट्याने सुटतं, आणि तुम्ही कितीही बोट फिरवून टक टक आवाज ऐकून लावलेली असो, सुटतंच. डबल पिशवी केली तर दोन्हींची टोकं एकाच बाजूला आली की दोन्ही सुटतात, म्हणून आतली उलटी घालायची, हे मला कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नाही. एकदा तर स्पिरिट गळून फ्रीझरमध्ये ठेवलेल्या आमरसाच्या डब्याला असा वास लागला की सासूबाईंनी डबा उघडून फक्त माझ्याकडे बघितलं. हापूसचा रस होता हो तो.

तर उपाय दुधाची पिशवी. 2018 च्या प्लास्टिकबंदीत पातळ पिशव्या गेल्या, दुधाच्या जाड पिशव्या राहिल्या, आणि त्या खरंच जाड आहेत, झिपवाल्यांपेक्षा कितीतरी दणकट. कोपरा कापायचा नाही, एक अख्खी आडवी कड सरळ कापायची. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन नळावर उलटी वाळवायची. भरल्यावर वरची दोन बोटं जागा मोकळी ठेवायची, कड आतून-बाहेरून कोरडी पुसायची, ओली असेल तर चिकटतच नाही. मग हॅक्सॉ ब्लेड (लोखंड कापायच्या करवतीचं पातं) कडेला लावून प्लास्टिक दाण्याएवढं बाहेर काढायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून सरसर फिरवायचं, किराणावाले सुट्ट्या मसाल्याच्या पुड्या बंद करायचे तसं. हळू फिरवलंत की काळं होऊन भोक पडतं. गार होईपर्यंत ओढून बघायचा मोह आवरा. नंतर रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवा, वर एक डिक्शनरी. सकाळी कागद कोरडा तर पिशवी पास.

पण थांबा, स्पिरिट भरलेली पिशवी मेणबत्तीजवळ न्यायची नाही! पेटतं ते. म्हणजे दणकट पिशवी आहे तिथे स्पिरिट चालत नाही आणि स्पिरिट आहे तिथे ती फालतू झिप. इथून माझं स्पिरिटवरचं मन उडालं.

त्यात लेकीच्या दहावीच्या विज्ञानाने भर घातली. अप्रकट उष्म्याचा धडा घेताना तीच म्हणाली, आई, बर्फ वितळताना ग्रॅममागे 80 कॅलरी ओढतो ना, मग तुझ्या पॅकमध्ये बर्फ कमी आणि न गोठलेलं स्पिरिट-पाणी जास्त, तो लवकरच गरम होणार. आणि खरंच होतो. साधा ठेचलेला बर्फ ओल्या पंचात गुंडाळून ठेवला तर पूर्ण वितळेपर्यंत शून्याच्या आसपासच राहतो, त्याच्या खालीही जात नाही आणि वरही जात नाही. स्पिरिटवाला सुरुवातीला शून्याच्या बराच खाली असतो म्हणजे कातडी जाळायची भीती तेव्हा, आणि थोड्या वेळाने कोमट, म्हणजे उपयोग व्हायचा तेव्हा नाही. मऊपणासाठी एवढं द्यायचं का? माझ्या मते नाही. आता तो पॅक फक्त डोकं दुखतं तेव्हा कपाळावर घेते, तिथे मऊच बरा.

सध्या आमच्याकडे नंबर एकला आहे तो डायपरचा. हसू नका. शेजारच्या बाळाला लहान झालेली साइज उरली होती. डायपर फाडून आतला कापूस ताटात झटकला की साखरेसारखे दाणे पडतात, ते सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. दोन चमच्यांवर पाणी ओतत जा, बघता बघता पातेलंभर जेली. त्यात जवळपास सगळं पाणीच, त्यामुळे गारवा बर्फाइतका टिकतो, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पिशवी फाटली तरी ओघळत नाही! कोपऱ्यातून एक गोळा डोकावतो, बस. गोठल्यावर कडक होतो हे खरं, पण लाटण्याचे दोन-चार रट्टे दिले की आतून सुटा होतो. मीठ मात्र चुकूनही घालू नका, गोठणबिंदू खाली येईल म्हणून आमच्याकडे घालून झालं, खारट पाण्यात ते दाणे पाणी धरतच नाहीत, सगळी जेली पाणी होऊन बसली. आणि टाकायची वेळ आली तर सिंकमध्ये ओतू नका, पाईप तुंबतो, कोरड्या कचऱ्यात.

बाकीचे थोडक्यात. भांडी घासायचं लिक्विड भरून केलेला मऊ राहतो पण गारवा टिकत नाही, आणि गळला की घरात घसरगुंडी, एक जायबंदी बरा करताना दुसरा तयार. कॉर्नफ्लॉवरची खळ करून केलेला गोठून वितळला की पाणी वेगळं आणि गोळा वेगळा, वर वास. फ्रोझन मटारची पिशवी एकदम झकास बसते पण तिच्यावर पेनने फुली मारा, वितळून गोठलेले मटार परत पुलावात नकोत. भाऊ शेतावरून म्हणाला युरिया पाण्यात टाक, फवारणीला कालवताना बादली गार पडते तेच. पडते खरी, दुकानातले फोडून हलवायचे इन्स्टंट पॅक याच तत्त्वावर चालतात, लाइट नसताना ठीक, पण ते एकदाच चालतं आणि दर वेळी युरिया कोण आणतंय.

लावताना मध्ये पातळ ओलं फडकं हवंच, मी जुन्या टॉवेलची खोळ शिवलीय, इलॅस्टिक लावून. जास्तीत जास्त 15-20 मिनिटं, मग तास-दोन तास सुट्टी, आणि पॅक लावून झोपायचं नाही. कातडी पांढुरकी किंवा बधिर झाली की लगेच काढा. सासूबाईंना शुगर आहे, पावलांना संवेदना कमी, त्यांना पायाला मी देत नाही. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबून दुखत असेल तर पॅक-बिक सोडा आणि एक्स-रे काढा. आणि बर्फाने बरं होतं असंही नाही हं, दुखणं कमी होतं एवढंच. ज्या डॉ. गेब मिर्किन या अमेरिकन स्पोर्ट्स डॉक्टरांनी 1978 मध्ये आराम, बर्फ, दाब आणि दुखरा भाग उंच ठेवणं हे सूत्र दिलं त्यांनीच 2014 मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं व्हायला उशीर होऊ शकतो. आमची फिजिओही आता पहिले दोन-तीन दिवस दुखेल तेवढाच लाव आणि लवकर हलवायला लाग म्हणते.

खर्च म्हणाल तर डायपर फुकट, पिशवी फुकट, मेणबत्ती दिवाळीतली. विकतचा 200-250 चा होता.

मैदानावर न्यायला मात्र दुधाची पिशवी मोठी पडते. तिथे पेप्सीच्या (नळीत गोठवलेलं सरबत मिळतं त्या) रिकाम्या नळ्या बेस्ट, प्लास्टिकच्या दुकानात मिळतात, त्याच मेणबत्तीने बंद करायच्या, बोटाला, मनगटाला, घोट्याच्या खोबणीत बरोब्बर बसतात. फक्त साधं पाणी भरा. मी एकदा सोयीचं म्हणून तयार ऑरेंजवाल्याच आइसबॉक्समध्ये दिल्या होत्या, दुसऱ्या डावाआधी एक शिल्लक नव्हती आणि कोणाचा घोटाही मुरगळला नव्हता.