गृहज्योती बरी की छतावरचं सोलर?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सध्या घरोघरी हाच विषय आहे.

गृहज्योती ही कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना, 2023 पासून सुरू आहे. महिन्याला 200 युनिट मोफत म्हणतात, पण ते सगळ्यांना सरसकट नाहीत. बहुतेकांची मर्यादा 2022-23 च्या सरासरी मासिक वापरावर 10 टक्के वाढवून ठरते. सरासरी 100 असेल तर 110 मोफत; 130 जाळले तर वरच्या 20 चे पैसे भरायचे. आणि 200 ओलांडले की अख्खं बिल अंगावर! एप्रिल-मेमध्ये फ्रिज, पंखे, बोअरची मोटर एकदम चालते, तेव्हा हेस्कॉमच्या (आपल्या वीज कंपनीच्या) बिलावरचा युनिटचा आकडा आधी बघा. भाडेकरूंना मात्र याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

सोलरला पदरचे पैसे आधी घालावे लागतात. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतून 2 किलोवॉटला 60 हजार, 3 किलोवॉटला 78 हजार अनुदान मिळतं. एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण 4 युनिट वीज होते. खानापूरच्या पावसाळ्यात बरीच कमी. बिल आधीच शून्य येत असेल, तर घातलेले पैसे वसूल कुठून होणार? स्वतःची स्लॅब आहे आणि वापर कायम 200 च्या वर जातो, त्यांनी मात्र जरूर बसवावं.