देवनागरी '.भारत' डोमेन: शहापूरच्या साडीदुकानातला दोन वर्षांचा अनुभव

आमचे साड्यांचे दुकान बेळगावच्या शहापुरात आहे आणि गिऱ्हाईक खानापूर, चंदगड, गडहिंग्लजपासून सावंतवाडीपर्यंतचे आहे. दुकानाचे नाव रोमन लिपीत लिहिले की त्यातला 'ळ' जातो, एकाच नावाची तीन स्पेलिंगे फिरू लागतात आणि साडी शोधणारा माणूस भलत्याच पानावर जाऊन पोहोचतो. म्हणून '.इन' डोमेन, म्हणजे '.इन'ने संपणारा संकेतस्थळाचा पत्ता, हाताशी असतानाही दोन वर्षांपूर्वी आम्ही देवनागरीतले '.भारत' घेतले.

'.इन' हे भारताचे देश-डोमेन १९८९ पासून आहे. २००५ मध्ये त्याची नोंदणी सर्वांना खुली झाली आणि तेव्हापासून तिचा कारभार निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) ही संस्था पाहते. देवनागरी '.भारत' २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि हिंदी, कोकणी, नेपाळी यांच्यासह ज्या आठ भाषांसाठी ते खुले झाले, त्यांत मराठी होती. नोंदणी सोपी आहे, '.इन' घेताना जे करावे लागते तेच करायचे, फक्त नाव देवनागरीत टाकायचे.

नाव टाकताना मात्र शुद्धलेखनाची गाठ पडते. 'शहापूर' दीर्घ आणि 'शहापुरी' ऱ्हस्व, हा नियम शाळेत शिकलेलासुद्धा फोनवर टाइप करताना चुकतो, आणि संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावे असतात. आम्ही ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही रूपे नोंदवली. खर्च वाढला, पण दुसऱ्या कोणी ते रूप घेऊन आमच्या नावावर माल विकण्यापेक्षा तो परवडला. नवीन घेणाऱ्यांनीही हेच करावे, असे मी आग्रहाने सांगेन. हिंदी कळफलकावर टिंबाच्या जागी दंड (।) उमटतो आणि दंडाने पत्ता उघडत नाही, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावे.

खरी अडचण पत्ता पुढे पाठवताना येते. इंटरनेटची मूळ नाव-व्यवस्था रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यांवरच चालत असल्यामुळे प्रत्येक देवनागरी नावाचे आतून 'एक्सएन' आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात रूपांतर होते. ब्राउझरमधून पत्ता उचलून मोबाइलवर चिकटवला की पुष्कळदा तेच रूप पुढे जाते. चंदगडच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी ते बघून फोन केला, "हे काय ओ दादा, फसवणुकीचं तर नव्हे?" त्यांची शंका रास्त होती, कारण त्या अक्षरांत आमच्या दुकानाचे नाव कुठेच नव्हते. ईमेलचेही तसेच आहे: एका बँकेच्या अर्जात देवनागरी पत्ता भरला तर तो 'अवैध' म्हणून परत आला. त्यामुळे पत्रव्यवहारासाठी '.इन' ठेवावेच लागते आणि दोन्हींचे नूतनीकरणही सांभाळावे लागते.

तरीही मी '.भारत' सोडणार नाही. सीमाभागात दुकानाची पाटी रंगवायची म्हटली की कोणती भाषा वर, कोणती खाली, कोणाचे अक्षर किती मोठे, यावर आधी बोलावे लागते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले; घरात आम्ही बेळगावच म्हणतो. या डोमेनमध्ये टिंबापुढे राज्य येत नाही, देश येतो, आणि टिंबाच्या आधी आजोबांनी रंगवून घेतलेले नाव 'ळ'सकट तसेच्या तसे उभे राहते. मला त्याचे मोल फार वाटते. माझ्या मुलांना शाळेत मराठी मिळेल न मिळेल, दुकानाचा पत्ता तरी त्यांना मराठीत टाइप करता येतो.

पुष्कळ गिऱ्हाइके कन्नड बोलणारी आहेत, म्हणून निक्सीकडेच असलेले कन्नड लिपीतले 'भारत'ही आम्ही यंदा घेतले आणि तिन्ही पत्ते एकाच पानावर आणून सोडले. साडीच्या नव्या पिशवीवर देवनागरी पत्ता, त्याच्याच मापात कन्नड पत्ता आणि खाली '.इन' असे छापले आहे. शेजारी स्कॅन करायचा चौकोनही दिला आहे, म्हणजे टाइप करताना ऱ्हस्व-दीर्घ चुकण्याची भीती उरत नाही.