नवा कोरा ‘आय फाइव्ह’ निघाला २०१०चा

तालुक्याच्या गावी आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, वाढदिवसाचे फ्लेक्स. वीस वर्षं रोज कॉम्प्युटरपुढे बसलेला माणूस कॉम्प्युटर घेतानाच फसला, हे सांगायला लाज वाटते. पण माझ्यासारखे आणखी चारजण हाच डबा घरी आणतील, म्हणून लिहितो.

दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीसाठी मशीन हवं होतं. सेकंडहँड नकोच, असं मी ठरवलं होतं. मोबाइलवर जाहिरात आली: आय फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११, तीन वर्षं वॉरंटी, फक्त १६,५०० रुपये. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिव्यांचे पंखे. फोन करून विचारलं, “लेटेस्ट आहे ना?”

“एकदम नवा कोरा, सर. बॉक्सपीस.”

पैसे यूपीआयने आधीच दिले. चार दिवसांनी पार्सल आलं. सोबत मदरबोर्डचा नवा खोका, कॅबिनेटवर आय फाइव्हचं निळं चौकोनी स्टिकर. बायकोने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

पहिले आठ दिवस काहीच कळलं नाही. नुसता मजकूर टाइप करायला मशीनला कुठे दम लागतो? मग एका मंडळाचा दहा बाय वीसचा फ्लेक्स आला. फाइल उघडायला टाकून मी चहा पिऊन आलो, तरी उघडतच होती. शेजारचं माझं जुनं मशीन तीच फाइल मुकाट्याने उघडत होतं.

गावात कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारा एक मुलगा आहे. त्याने डबा उघडलाही नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर काढला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर टिचकी मारली आणि हसला. “काका, आय फाइव्ह सहाशे पन्नास आहे हा. दोनच कोअर, म्हणजे काम करणारे दोनच हात. २०१०चा.”

२०१० साली आमची थोरली बालवाडीत होती. आता ती कॉलेजात आहे.

त्याने मग नीट समजावलं. आय फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांच्या एका घराण्याचं आडनाव. वय कळतं ते पुढच्या आकड्यावरून. आय फाइव्ह किंवा आय सेव्हनपुढे तीनच आकडे असले तर पहिली पिढी. २०११पासून चार आकडे आले, त्यातला पहिला आकडा म्हणजे पिढी: २४०० म्हणजे दुसरी, ४५७० म्हणजे चौथी, ८५०० म्हणजे आठवी. डेस्कटॉपच्या प्रोसेसरांना दहाव्या पिढीपासून पाच आकडे. (नव्या ‘कोअर अल्ट्रा’च्या नावातही तीन आकडे असतात, पण त्यात ‘आय’ नसतो.) मी फक्त आडनाव विचारून सोयरीक पक्की केली होती.

मग नवं काय होतं? कॅबिनेट, पंखे, एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा. आणि मदरबोर्ड, तोही खरंच नवा! त्यावरचा एच ५५ हा चिपसेट, म्हणजे बोर्डाची मुख्य चिप, त्याच जुन्या प्रोसेसरांच्या जोडीचा. त्याचे बोर्ड बाजारात अजून नवे येतात. त्यावर कुठल्याशा भंगारातल्या मशीनमधून काढलेला प्रोसेसर बसवला की झाला नवा कोरा पीसी. रॅम १६ जीबीच होती, पण डीडीआर ३, म्हणजे जुन्या पिढीची. एसएसडी डिस्कही ५१२चीच होती, पण बोर्डाचा साटा, म्हणजे डिस्क जोडायचा मार्ग, जुना, त्यामुळे ती निम्म्या वेगाने धावत होती. विंडोज ११ मशीन चालण्याजोगं आहे का ही तपासणी चुकवून घातलेलं, लायसन्स नाहीच. जाहिरातीतला एकेक शब्द खरा, आणि सगळं मिळून खोटं. निखालस लबाडी होती ती स्टिकरची. स्टिकरचं ते रूप इंटेलने २०२०मध्ये आणलं. २०१०च्या प्रोसेसरवर ते कुठून येणार?

विकणाऱ्याला फोन केला. “सर, आय फाइव्ह सांगितलं, आय फाइव्ह दिलं.” दुसऱ्या फोनला, “सील फोडलं असेल तर वॉरंटी गेली.” तिसरा फोन लागलाच नाही. बिल म्हणून जे आलं होतं त्यावर ‘एस्टिमेट’ लिहिलेलं, खाली ‘असेंबल्ड सीपीयू, १ नग’. ना जीएसटी क्रमांक, ना प्रोसेसरचा नंबर, ना धड पत्ता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते, हेही कळलं. पण सामनेवाल्याचा पत्ता म्हणून काय लिहू? जाहिरातीचा स्क्रीनशॉटसुद्धा मी ठेवला नव्हता.

आता यातली गंमत. शेवटी मी सेकंडहँडच घेतला. त्याच मुलाने एका कंपनीच्या ऑफिसातून निघालेलं मशीन आणलं, आय फाइव्ह ८५००, सहा कोअर, १८,००० रुपये, पक्कं बिल, त्यावर पूर्ण नंबर. दिसायला अगदी कळकट, एकही दिवा नाही. पैसे देण्याआधी माझ्यासमोर डबा उघडला, क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क किती तास चालली ते दाखवलं: नऊ हजारांच्या आसपास. दिवसाला दहा तास धरले तर तीनेक वर्षं ऑफिसात राबलेली. लपवलं काहीच नाही. आठवी पिढी त्याने मुद्दाम धरली, कारण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा पाठिंबा संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. सहावी-सातवी पिढी स्वस्तात मिळते. विंडोजऐवजी लिनक्स चालवणाऱ्याने ती खुशाल घ्यावी. आमचे फाँट आणि सॉफ्टवेअर विंडोजवरचे, त्यामुळे मला तो रस्ता नव्हता.

रंगीत दिव्यांचा डबा आता इंटरनेट काढून कोपऱ्यात ठेवलाय, पाकिटांवर पत्ते छापायला. गिऱ्हाइकांना मात्र तोच भारी वाटतो.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. कॅबिनेट तेच, आता आय सेव्हन, १७,९९९ रुपये. मी दुसऱ्या नंबरवरून मेसेज टाकला: प्रोसेसरचा पूर्ण नंबर सांगा.

उत्तर आलं, “लेटेस्ट आहे सर.”