सेकंडहँड स्कॉर्पिओ, पाच टायर आणि एक गंजलेली साखळी

"काका, स्टेपनी एकदम कोरी आहे, जमिनीलासुद्धा लागलेली नाही," असं गाडी विकणारा कराडला म्हणाला तेव्हा मी खूश झालो होतो. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी चिपळूण-कराड मार्गावर, आणि तरी या वाक्यावर खूश झालो!

गाडी 2016 ची स्कॉर्पिओ, जून 2025 मध्ये घेतली. मुद्दाम घाटावरची घेतली. आमच्या चिपळुणात जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न असतो, 22 जुलै 2021 ला ही कुठे उभी होती? त्या पुरात काय काय बुडालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तर कराडला इंजिन ऐकलं, गिअर टाकून बघितले, गाडीखाली आडवा होऊन चासीचा गंज तपासला. टायरची नक्षी नखाने चाचपली, अर्धी शिल्लक होती. तेवढ्यावर समाधान मानलं. टायरवरची तारीख काही वाचली नाही.

ऑगस्टमध्ये रात्री नऊच्या सुमाराला कुंभार्ली घाट उतरत होतो. पाऊस धो धो. पोफळी थोडी राहिली असताना मागचं डावं चाक बसलं. गाडीत बायको आणि मेहुणी. चाकाला दगड लावला, जॅक काढला. स्कॉर्पिओची स्टेपनी मागे गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. लांब सळई घालून फिरवली की साखळी सैल होत होत ती खाली येते. सळई सापडली मधल्या सीटखाली, पण फिरायला तयार नाही. नऊ वर्षांचा चिखल आणि गंज. शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्याने थांबून त्याचा हातोडा आणि थोडं डिझेल दिलं. दोघांनी मिळून पाऊण तास ठोकाठोक केली तेव्हा कुठे साखळी सुटली.

आणि स्टेपनी खरंच कोरी निघाली हो. नव्या टायरवर असतात ते रबराचे केससुद्धा तसेच होते. पण बॅटरी जवळ नेली तर बाजूच्या रबरावर आणि नक्षीच्या खाचांत बारीक भेगा, उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला पडतात तशा. हवा जेमतेम. टेम्पोवाल्याच्या पंपाने ती भरली आणि वीसच्या वेगाने पोफळी गाठली. तेवढ्या अंतरात मी जितका घामाघूम झालो तितका भरलेली बस घेऊनही कधी झालो नव्हतो.

घरी आल्यावर चष्मा लावून पाचही टायर वाचले. टायरच्या बाजूवर डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघायचे. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. स्टेपनीवर 1116 होतं, म्हणजे 2016 चा अकरावा आठवडा. बाकी तीन 2018 चे आणि एक 2021 चा, वेगळ्याच कंपनीचा. हे आकडे चारपैकी दोन टायरवर आतल्या बाजूला होते, म्हणून गाडीखाली शिरल्याशिवाय दिसणार नाहीत. रबर न वापरताही म्हातारं होतं. ऊन, हवा आणि ओलावा त्याला उभ्याउभ्या कडक करतात. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने संपतो. खाचांत मधूनमधून जे उंचवटे असतात ते त्याच मापाचे. पण नक्षी भरपूर असूनही टायर संपलेला असू शकतो, हे मला डेपोत कधी कळलं नाही. एसटीत टायर म्हातारा व्हायच्या आधी झिजतो आणि रिमोल्डला, म्हणजे वरून नवं रबर चढवायला, जातो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हायवेलगतच्या एका टायर दुकानात गेलो. मालक तिशीतला पोरगा. मी पाच टायर म्हटल्यावर तो म्हणाला, "काका, 22 तारखेनंतर या. जीएसटी 28 वरून 18 होतोय." दारात आलेलं गिऱ्हाईक कुणी असं परत पाठवतं का? टायरची मूळ किंमत 8,000 धरली तर आधी 10,240 पडत होते, नंतर 9,440. पाच टायरमागे 4,000 रुपये वाचले. या दुकानाचे निम्मे गुण मी तिथेच देऊन टाकले.

मधल्या तीन आठवड्यांत भाच्याने डोकं खाल्लं. "मामा, ए/टी घे, पांढऱ्या अक्षरांचे, गाडी काय दिसेल!" ए/टी म्हणजे रस्ता आणि कच्चा दोन्हीकडे चालणारे, जाड गोटीचे (नक्षीचे ठोकळे मोठे असलेले) टायर. वाईट नाहीत. ज्याला रोज बागेत, ओढ्यात, लाल मातीत गाडी घालायची आहे त्याने तेच घ्यावेत. माझं मात्र शंभरातलं नव्वद चालणं डांबरावर आणि घाटात. तिथे जाड गोटी आवाज करते आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला की मला तरी एच/टीची, म्हणजे मुख्यतः डांबरी रस्त्यासाठी केलेल्या टायरची, पकड जास्त भरवशाची वाटते. माझी गाडी फोर बाय फोरही नाही. म्हणून एच/टी.

भाच्याची दुसरी टूम होती मोठ्या मापाची. मूळ माप 235/65 आर 17. तो म्हणे 255/65 घाल. मी कागदावर गणित केलं. 235 ही मिलिमीटरमधली रुंदी, तिचे 65 टक्के ही टायरची बाजूची उंची, ती दुप्पट करून 17 इंचांत मिळवायची. मूळ चाक 737 मिलिमीटर, मोठं 763. साडेतीन टक्के फरक. मीटरवर 100 दिसतील तेव्हा गाडी 103 च्या पुढे असणार. शिवाय पोटाखालच्या जागेत ती जाडजूड स्टेपनी मावेल याची खात्री कोण देणार? मूळ मापच ठेवलं. वजनाचा आकडाही बघितला. जुन्या टायरवर 104 होता, म्हणजे एका टायरला 900 किलो. त्याखाली उतरायचं नाही. मे महिन्यात सात माणसं आणि टपावर आंब्याच्या पेट्या असतात.

कंपन्यांत अपोलो, मिशेलिन आणि सिएट पाहिले आणि अपोलो अ‍ॅप्टेरा एचटी 2 घेतले. मिशेलिनवर मन गेलं होतं, पण पाचाने गुणल्यावर मन परत आलं.

पाच का? हाच सगळ्यांचा प्रश्न होता. "चार घ्या आणि जुन्यातला बरा स्टेपनीला टाका," असं चार जणांनी सांगितलं. रात्रीच्या घाटात मला "बरा" नको होता. शिवाय पाच एका वयाचे असले की दर 10,000 किलोमीटरला स्टेपनीही फिरतीत घालता येते, पाची टायर सारखे झिजतात. पण माझ्या स्टेपनीला लोखंडी डिस्क आणि बाकी चार अलॉय. दुकानदार पाचवं नवं अलॉय विकायला बघत होता. मी कराडच्या जुन्या सामानाच्या बाजारात स्कॉर्पिओचंच मूळ अलॉय 2,800 ला मिळवलं. इथे एक सांगतो. पाच नट दिसले म्हणून कुठलीही डिस्क बसत नाही. नटांच्या वर्तुळाचा व्यास, मधलं भोक आणि चाक किती आत-बाहेर बसतं, तिन्ही जुळायला हवं. जुनं अलॉय घेताना ते बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा, वाकलेलं असेल तर लगेच डुलतं.

दुकानदाराशी एक वाद मात्र रंगला. मी म्हटलं, समजा दोनच नवे घेतले तर पुढे घालायचे. एसटीत पुढे नवा, मागे रिमोल्ड, स्टिअरिंगचा टायर फुटता कामा नये. तो म्हणाला, छोट्या गाडीला नवे मागे. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं साध्या माणसाच्या हातात नसतं. पुढची सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी करून ताब्यात येते. अर्धा तास मी हरलो नाही. रात्री झोपताना पटलं.

आता दुकानाच्या उण्या बाजू. टायरचं वेष्टण समोर फोडून तारखा दाखवल्या, पाचही 2025 च्या ऑगस्टमधले. वॉल्व्ह नवे घातले. पण पोरांनी नट थेट हवेच्या गनने आवळले. ते सैल करून, समोरासमोरचे या क्रमाने पान्याने आवळायला लावले. घाटात बायकोला किंवा मेहुणीला ते सोडवावे लागले तर? हवा 40 वर ठेवून गाडी देत होते, दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचून कमी करायला मलाच सांगावं लागलं. अलाइनमेंटचा छापील कागद मागितल्याशिवाय दिला नाही. आणि साखळीबद्दल विचारलं तर "आम्ही फक्त टायर बघतो". ती शेवटी गॅरेजवाल्याकडून उतरवून, साफ करून, ग्रीस लावून घेतली. खर्च 350 रुपये. सगळ्या कामात सर्वांत मोलाचे पैसे हेच.

आतापर्यंत 4,500 किलोमीटर झाले. आवाज जुन्या टायरच्या निम्मा. दिवाळीनंतरच्या पावसात घाट दोनदा केला, ब्रेकला गाडी सरळ उभी राहते. गुहागरकडे एका बागेच्या ओल्या उतारावर मागची चाकं घसरली आणि भाच्याने मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. एच/टी घेतल्यावर हे होणारच. ॲव्हरेजमध्ये फरक जाणवला नाही.

त्याच भाच्याच्या नव्या गाडीत स्टेपनीच नाही, पंक्चरचं किट आणि हवेचा पंप दिलाय. 2020 पासून नियमाने ते चालतं, टायर ट्यूबलेस आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर. खिळ्याला किट चालेल, पण दगडाने बाजू फाटली तर तो मलाच फोन करणार. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावाच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, 1904 मध्ये तिथे जादा चाक विकायला सुरुवात झाली, हेही त्यानेच मला सांगितलं. स्वतःकडे नाही, पण माहिती आहे.

सळई आता मधल्या सीटखाली नाही, मागच्या दाराजवळ बॅटरीशेजारी बांधून ठेवली आहे. मेहुणी मात्र अजून माझ्या गाडीतून रात्रीचा घाट उतरायला तयार नाही. एसटीने येते.