रेडिओग्रामची दुरुस्ती: लॅमिंग्टन रोडजवळील एका कारागिरांचे काम

आजोबांचा साठच्या दशकातील व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) स्टिरिओ रेडिओग्राम, म्हणजे एकाच कपाटात बसवलेला रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर, १५ वर्षे बंद होता. मुंबईत लॅमिंग्टन रोडजवळ बसणाऱ्या एका वयस्कर कारागिरांनी तो पुन्हा बोलता केला. वायर थेट सॉकेटमध्ये न खोचता त्यांनी आधी १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून वीज दिली, म्हणजे आत शॉर्ट असला तरी बल्ब प्रवाह आवरून धरतो; तेव्हाच माझी निम्मी काळजी मिटली. डाव्या बाजूचा आवाज फाटत होता आणि तिकडचा स्पीकर चालवणारा ईएल ८४ व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर तापत होता. नवा व्हॉल्व्ह बसवून पैसे घेणे सोपे होते. त्यांनी मात्र मीटर लावून दाखवले की दोष व्हॉल्व्हचा नसून गळक्या कपलिंग कपॅसिटरचा (आवाजाचा सिग्नल पुढे सोडून डीसी व्होल्टेज अडवणाऱ्या भागाचा) आहे, कारण त्यातून व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे त्यातला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, धन व्होल्टेज झिरपत होते आणि व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढून तापत होता. मग जुने कागदी कपॅसिटर सगळेच बदलले. रेकॉर्ड चेंजरमधले (एकामागून एक तबकड्या आपोआप लावणाऱ्या यंत्रणेतले) ग्रीस वाळून डिंकासारखे चिकट झाले होते. ते खरवडून, तबकडी फिरवणारे रबरी चाक घासून त्यांनी तबकडीची गती मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर आणून दिली. २ आठवड्यांचे काम ६ आठवड्यांवर गेले, आणि कपाटावरच्या व्हीनियरच्या (लाकडाच्या पातळ थराच्या) पॉलिशसाठी वेगळा सुतार शोधावा लागला. तरीही काढलेला प्रत्येक भाग त्यांनी पुडीत बांधून परत दिला, ही सचोटी मला फार मोलाची वाटते.