घोड्याचं रक्त काढायचंय: हातानं धरायचं, नाकाडी आवळायची, खोड्यात घालायचं की गुंगी द्यायची?

मार्गशीर्ष लागला की माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेची लगबग सुरू होते. घोडा विकायचा असो की नवा घ्यायचा असो, शहाणा माणूस आधी रक्त तपासून घेतो. मग लोहा, कंधार, गंगाखेड, अहमदपूरकडून फोन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "साहेब, सुई बघितली की घोडी अंगावर येती. खोड्यात घालायची का गुंगीचं इंजेक्शन देता?" कुणी म्हणतो, "कामून एवढी तकलीफ घेता, कान पिळून धरतो की!"

रक्त घ्यायला मिनिटभर पुरतं. दहा-वीस मिलिलिटर रक्तानं घोडा खंगत नाही. साडेतीनशे किलोच्या घोड्याच्या अंगात अंदाजे २६ ते २८ लिटर रक्त असतं. ठरवायचं असतं ते धरायचं कसं. ते चुकलं तर माणूस जखमी होतो, घोडं कायमचं बिचकतं आणि रिपोर्टही फसवा येऊ शकतो.

रिपोर्टचं आधी सांगतो, कारण ते फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. घोडं घाबरलं, झगडलं की प्लीहा आकसते आणि त्या पेशी रक्तात उतरतात. सर्रा, म्हणजे रक्तात जंतू होणारा रोग, झालेल्या घोड्याचं रक्त कमी झालेलं असतं. तेच घोडं चार जणांनी दाबून धरलं, अर्धा तास झटापट झाली आणि मग नमुना घेतला, तर रक्त आहे त्यापेक्षा बरं दिसतं. गुंगीच्या औषधानं उलटं होतं, पेशींचं प्रमाण खाली येतं. झायलाझिन या गुंगीच्या औषधानं साखरही वाढलेली दिसते. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी मात्र सीरममधल्या, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्यातल्या, प्रतिपिंडांवर चालते, तिथं घोडं घाबरलेलं होतं की गुंगीत होतं यानं फरक पडत नाही. म्हणून डॉक्टरांना पहिल्यांदा विचारा की तपासणी कशाची आहे. कसं धरायचं ते त्यानंतर ठरवा.

मोरखी, दावं आणि ओळखीचा माणूस

दहातल्या आठ घोड्यांसाठी मी हीच पद्धत निवडतो. मजबूत मोरखी, सहा-सात हात दावं, आणि ज्याच्या हातची चंदी घोडं रोज खातं तो माणूस. मालक हजर असला तरी खरारा करणारा पोरगा वेगळा असेल, तर दावं पोराच्या हाती द्या. यात मालकानं कमीपणा मानू नये.

जागा मोकळी, सपाट आणि पायाखाली माती असावी. फरशीवर नाल घसरते. लिंबाच्या झाडाला किंवा खांबाला घट्ट बांधून सुई टोचू नका. घोडं मागं झटका देतं, मोरखी तुटली तर पाठीवर पडतं आणि नाही तुटली तर मानेला दुखापत होते. दावं हाताला गुंडाळायचं नाही, घड्या घालून मुठीत धरायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धरणारा आणि सुई टोचणारा दोघं एकाच बाजूला उभे राहतात. घोडं बिथरलं की धरणारा तोंड आपल्याकडं ओढतो आणि मागचा भाग आपोआप पलीकडं फिरतो. दोघं समोरासमोरच्या बाजूंना असतील तर तोंड ओढल्यावर लाथ दुसऱ्याच्या अंगावर येते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईत उजवीकडं उभ्या असलेल्या भावकीतल्या माणसाला "तिथंच राहा" म्हणालो. घोडी भ्याली, त्यानं तोंड आपल्याकडं घेतलं आणि तिचं पुठ्ठं माझ्यावर आलं. लाथ दंडावर बसली. हाड वाचलं, पण पंधरा दिवस सिरिंज उजव्या हातात धरता आली नाही. चूक माझी होती, घोडीची नव्हती. तेव्हापासून सुईचं टोपण काढण्याआधी मी सगळ्यांच्या जागा ठरवतो. अगदी समोर कुणालाही उभं राहू देत नाही, कारण घोडं पुढच्या पायानंही मारतं.

सुई कळू नये म्हणून धरणाऱ्यानं त्याच बाजूच्या डोळ्यामागं हाताचा आडोसा करावा. मी आधी मान चोळतो, खांद्याजवळची कातडी मुठीत धरून हलकेच मळतो आणि त्या हालचालीतच सुई जाते. एवढ्यानं काम होत असेल तर पुढच्या कुठल्याही पद्धतीकडं जाऊ नका.

नाकाडीचा फास

वरच्या ओठाला दोरीचा फास घालून दांडक्यानं पिळतात, त्यालाच आम्ही ट्विच म्हणतो. बघणाऱ्याला ते क्रूर वाटतं. पण १९८४ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की ओठ असा धरला की घोड्याच्या शरीरात वेदना शमवणारी द्रव्यं, म्हणजे एंडॉर्फिन्स, वाढतात. पापण्या जड होतात, डोकं खाली येतं. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की हृदयाचे ठोके पहिली पाचेक मिनिटं कमी होतात आणि त्यानंतर वाढू लागतात. म्हणून सगळं साहित्य तयार ठेवायचं, मग फास लावायचा, रक्त घ्यायचं आणि लगेच सोडून ओठ चोळायचा. नळी गाडीच्या डिक्कीत विसरली असेल तर आधी ती आणा.

फास बारीक सुतळीचा नको, मऊ जाड दोरीचा घ्या. फास बसल्यावर घोडं शांत होण्याऐवजी पुढचे पाय उचलू लागलं तर ताबडतोब काढा. असली घोडी असतात, त्यांना ट्विच मानवत नाही.

कान पिळणं आणि ओठ पिळणं एकच, असं आपल्याकडं समजतात. तसं नाही. कान पिळल्यावर घोडं शांत होत नाही, भीतीनं थिजतं आणि त्याचे ठोके वाढतात. शिवाय ते पुढं डोक्याला हात लावू देत नाही. वरातीच्या घोडीला रोज लगाम चढवायचा, कलगी बांधायची. तिचा कान एकदा पिळला तर लग्नसराईभर भोगावं लागतं. कान पिळून रक्त काढायला मी स्पष्ट नकार देतो, मग कितीही लांबून आलेलं असो.

खोडा आणि अगाडी-पिछाडी

जनावरांच्या दवाखान्यासमोर जो लोखंडी खोडा असतो तो गाई-बैलांसाठी बनवलेला असतो. घोड्याची मान उंच, उसळी मोठी. पुढच्या आडव्या दांड्यावर पाय टाकून घोडं अडकलेलं मी पाहिलंय आणि ते सोडवताना जो गोंधळ झाला तो पुन्हा नको. घोड्यासाठीचा खोडा अंगाला मापात बसणारा, कडा गुळगुळीत असलेला आणि पुढची-मागची दारं झटक्यात उघडणारी हवा. तसा असेल आणि घोड्याला त्यात उभं राहायची सवय असेल, तर वारंवार नमुने घ्यायला तो उत्तम. एका नमुन्यासाठी नवख्या घोड्याला त्यात ढकलायचं नाही.

अगाडी-पिछाडी ही रात्री तबेल्यात बांधायची रीत आहे. मागचे पाय बांधलेलं घोडं दचकलं की गामच्या (खुरांच्या वरचा भाग) सोलतात नाहीतर ते तोल जाऊन पडतं. रक्त घेताना पिछाडी सोडा.

गुंगी

हा शेवटचा पर्याय आहे, पण कमीपणाचा नाही. दोनदा प्रयत्न फसला, घोडं घामाघूम झालं, तर तिसऱ्यांदा झगडण्यापेक्षा गुंगी बरी. झायलाझिन शिरेतून दिलं तर दर किलो वजनाला साधारण ०.५ ते १.१ मिलिग्रॅम लागतं आणि काही मिनिटांत मान खाली येते. अडचण अशी की शिरेत सुई घालू न देणाऱ्या घोड्याला शिरेतून औषध द्यायचं कसं? मग स्नायूत द्यावं लागतं. मात्रा जास्त लागते, पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं आणि त्या वेळात भोवती गोंगाट नको.

गुंगीतलं घोडं झोपलेलं नसतं. मान लटकलेली असतानाही ते अचूक लाथ मारतं. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत चारा-चंदी द्यायची नाही, घशात अडकतं. घोडी गाभण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. औषध दुकानातून आणून स्वतः देण्याचा विचारही करू नका.

मानेची शीर की गालाखालची?

मानेच्या खोबणीत अंगठा दाबला की वरची शीर हळूहळू भरते, ओल्या दाव्यासारखी हाताला लागते. स्पिरिटनं केस चपटे केले की ती दिसतेही. अंगठा सोडला की फुगवटा विरतो, दाबला की परत येतो. असं दोनदा पाहिल्याशिवाय मी सुई लावत नाही. जागा मानेच्या वरच्या एक-तृतीयांश भागात. तिथं शीर आणि खालची धमनी यांच्या मधे स्नायूचा पडदा असतो. जसजसं खाली छातीकडं जावं तसतसा तो आधार सुटतो. लालभडक रक्त धक्क्याधक्क्यानं आलं तर सुई धमनीत गेली समजायचं, ती काढून निदान पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं. एरवी मिनिट-दोन मिनिटं कापूस दाबला की पुरतं, नाहीतर गाठ येते.

मानेला हात लावू न देणाऱ्या, पण तोंड धरू देणाऱ्या घोड्यासाठी दुसरी जागा आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या सरळ रेषेत, गालाच्या हाडाच्या धारेखाली. तिथं बारीक सुई पुरते, शीर दाबावीही लागत नाही. रक्त मात्र थोडंच आणि हळू मिळतं. स्लाइड किंवा एखादी छोटी नळी भरायची असेल तर छान, दोन-तीन नळ्या हव्या असतील तर मानच. ही जागा सरावाच्या हातालाच द्यावी.

सिरिंज की व्हॅक्युटेनर?

शांत घोड्याला व्हॅक्युटेनर, म्हणजे आतली हवा काढलेली नळी, कारण ती आपोआप भरते आणि रक्त फेसाळत नाही. चुळबुळ्या घोड्याला मी सिरिंजच वापरतो, सुईचा अंदाज हाताला लागतो. सिरिंजमधलं रक्त नळीत जोरानं दाबून भरायचं नाही, पेशी फुटतात. जांभळ्या टोपणाची नळी रक्तातले जंतू आणि पेशी पाहण्यासाठी, ती आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करायची. लाल टोपणाची सीरमसाठी, ती हलवायची नाही. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी ठेवायची, रक्त गोठलं की सीरम वेगळं करून मग थंड डब्यात.

ग्लँडर्सचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रापर्यंत जातात. आपल्याकडं चैत्र-वैशाखात पारा ४० च्या वर असतो आणि दुचाकीच्या डिक्कीत त्याहून जास्त. तिथं तासभर राहिलेली नळी लाल पाण्यासारखी होते, मग हिसारला पोचूनही उपयोग नसतो. बर्फाला नळी थेट टेकवू नका, मधे कागद किंवा कापड गुंडाळा. आणि नळीवर घोडीचं नाव, रंग, टिळ्याची खूण, तारीख तिथल्या तिथं, घोडी समोर उभी असतानाच लिहून घ्या.