घरीच ब्रशने केलेले हायलाइट्स: सोलापूरच्या पाण्यात आणि उन्हात आठ महिने

दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरमध्ये मी पहिल्यांदा घरी स्वतःच्या केसांना हाताने हायलाइट्स केले, म्हणजे काही बटा ब्लीचने फिकट केल्या, आता जुलै संपत आला, म्हणजे आठ महिने झाले. मुद्दाम एवढं थांबून लिहितेय, कारण पहिल्या आठवड्यात कुणाचेही केस छानच दिसतात, खरं काय ते उन्हाळा काढल्यावर कळतं.

आधी माझे केस सांगते, सगळं त्यावरच आहे. खांद्याच्या खाली चार बोटं, जाड, सरळ आणि एकदम काळे. स्मूदनिंग कधीच केलेलं नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत काळी मेंदी लावायचे, पण तो भाग कापून कापून गेला. पार्लरमध्ये विचारलं तर साडेसहा हजार सांगितले. सामानाला मला नवी पेठेत साधारण चौदाशे लागले आणि त्यातली अर्धी ब्लीच पावडर अजून शिल्लक आहे. पण पैशांपेक्षा मला मुळापासून निघालेल्या सरळ पट्ट्या नको होत्या. माझ्या मावसबहिणीने फॉइलचे (बटा फॉइलमध्ये गुंडाळून) केले होते, दोन महिन्यांत मुळाशी अशी रेघ उमटली की दर वेळी पार्लर गाठावं लागायचं. हाताने रंगवतात त्याला बलायाज म्हणतात, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ झाडून घेणं, १९७०च्या दशकात फ्रान्समधल्या सलूनमध्ये ही पद्धत रुळली. आणि नाव बरोबर आहे, ब्रश खरंच अंगणात झाडू फिरवल्यासारखा हलक्या हाताने खाली ओढायचा असतो.

सगळ्यात आधी गुंतवळ. कंगव्यात निघतो तो गुंतवळ मी आठवडाभर एका डबीत साठवला, त्याची छोटी जुडी दोऱ्याने बांधली आणि तिच्यावर ब्लीच लावून बघितलं किती मिनिटांत कुठला रंग येतो. पंधरा मिनिटांना विटेसारखा लाल, तीस मिनिटांना नारंगी, पंचेचाळीसला गडद पिवळसर नारंगी. ही जुडी मी अजून जपून ठेवलीय. कानामागे थोडं मिश्रण लावून ४८ तास थांबून खाज-आग होत नाही ना ते पण बघितलं, टोनरसाठी (ब्लीचनंतर रंगाची छटा बदलायला लावतात तो) वेगळं. हे कुणीही टाळू नका, हात जोडून सांगते. ज्यांच्या केसात अजून काळी मेंदी आहे त्यांनी तर गुंतवळावर बघितल्याशिवाय ब्लीचला हातच लावू नका, काही पाकिटांत धातूचे क्षार असतात, ते पेरॉक्साइडबरोबर तापतात, केस तुटतात, हिरवट रंगही येऊ शकतो.

डेव्हलपर, म्हणजे ब्लीच पावडर ज्यात कालवतात तो, २० व्हॉल्यूमचा घेतला, म्हणजे ६% हायड्रोजन पेरॉक्साइड. दुकानदार ४० चा देत होता, म्हणे काळ्या केसांना तोच लागतो. ४० म्हणजे १२%, आणि घरी, स्वतःच्या हाताने, आरशात बघून करताना मला तेवढा वेग नकोच होता. २० ने केस हळू उघडतात, म्हणजे फिकट होतात, पण हाताला वेळ मिळतो. या निर्णयाचा आजही आनंद आहे.

पहिली चूक मिश्रणाची झाली. पाकिटावर एकास दोन (एक भाग पावडर, दोन भाग डेव्हलपर) लिहिलेलं, मी तसंच केलं, फॉइलसाठी ते ठीक असेल पण उघड्यावर ब्रशने रंगवायला ते पातळ पडतं. डाव्या कानाच्या वर एका बटेतून मिश्रण मुळाकडे पसरलं आणि तिथे रुपयाएवढा नारंगी डाग पडला, तो टोनरनेही पूर्ण बसला नाही, मग महिनाभर भांग उजवीकडून पाडला. दुसऱ्या वेळी एकास दीड केलं, ब्रश उलटा धरला तरी खाली पडणार नाही इतकं घट्ट, श्रीखंडासारखं. भांडं प्लास्टिकचंच घ्या, स्टीलची वाटी नको.

दुसरी चूक जागेची. वास फार येतो म्हणून पहिल्या वेळी गच्चीवर बसले, सकाळचे अकरा, नोव्हेंबर असला तरी सोलापूरचं ऊन ते ऊनच. दहा मिनिटांत मिश्रण वरून वाळून खडूसारखं झालं, आणि वाळलेलं ब्लीच काम करत नाही, तिथेच थांबतं, म्हणून बटा एका बाजूला उघडल्या आणि दुसऱ्या बाजूला लालच राहिल्या. दुसऱ्या वेळी हॉलमध्ये बसले, खिडक्या उघड्या, पंखा बंद, आणि प्रत्येक रंगवलेल्या बटेवर प्लास्टिकचा रॅप. पंखा बंद ठेवायचं कुणी सांगत नाही पण आपल्याकडे तो मोठा मुद्दा आहे, फॅनखाली सगळं वाळून जातं.

आता रंगवायची रीत. बट घ्यायची, मुळाकडे कंगव्याने उलटी विंचरून जरा फुगवायची म्हणजे सगळे केस एका रेषेत सुरू होत नाहीत. खाली आधाराला माझ्या मुलाचं परीक्षेचं पॅड घेतलं, त्याला फॉइल गुंडाळलं, क्लिप असलेली बाजू वर, बट क्लिपमध्ये न अडकवता नुसती पॅडवर पसरायची. टोकाला भरपूर मिश्रण, मध्ये कमी, आणि वर जाताना ब्रशचा फक्त कोपरा टेकवत दोन्ही कडांनी वर न्यायचं, इंग्रजी व्ही अक्षरासारखं. टोकं आतूनही भिजली पाहिजेत, वरचा भाग फक्त पृष्ठभागावर. मुळापासून मी चार बोटं सोडली, डोक्याच्या कातडीला एक थेंबही नाही. पुढच्या दोन बटा स्वतः केल्या, मागचं माझ्या नणंदेने केलं, आणि तिचा हात माझ्यापेक्षा फार चांगला आहे. "वहिनी, मान हलवू नका, इथं जरा वर जातंय बघा," असं म्हणत एकेक बट तिने अशी काही लावली की माझे मागचे केस पुढच्यापेक्षा सुंदर झालेत. एकटीने मागचं करायला जाऊच नका, कुणीतरी माणूस पाहिजेच.

दर दहा मिनिटांनी एक बट टिश्यूने पुसून रंग बघायचा, पुसल्याशिवाय कळत नाही, ब्लीचच्या आड सगळंच पिवळं दिसतं. पाकिटावरच्या कमाल वेळेच्या पुढे एक मिनिटही ठेवलं नाही, माझ्याकडच्यावर पन्नास होती, मी पंचेचाळीसला धुतलं.

पहिल्या वेळी रंग आला नारंगी. सासूबाई आधीच म्हणाल्या होत्या, "केसांचा कडबा करून घेऊ नको बाई," आणि त्या रात्री मला खूप रडू आलं. नंतर वाचून समजलं की काळ्या केसांतलं गडद मेलॅनिन, म्हणजे केसाचा नैसर्गिक रंग, आधी फुटतं आणि तांबडं-पिवळं मागे राहतं, त्यामुळे नारंगी ही वाटेतली पायरीच आहे, प्रत्येक काळ्या केसाला ती लागते. माझं चुकलं ते टोनरमध्ये. सगळे जांभळा जांभळा म्हणतात म्हणून मी जांभळट छटेचा आणला, पण जांभळा पिवळ्याला मारतो, नारंगीला निळा लागतो. संक्रांतीला इथल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर पाळण्याजवळ काढलेला फोटो आहे माझा, त्यात लाइटखाली केस अगदी झेंडूसारखे दिसतायत. यात्रा संपल्यावर जानेवारीच्या शेवटी, म्हणजे मध्ये दोन महिने जाऊ देऊन, दुसऱ्यांदा केलं, फक्त लाल राहिलेल्या बटा उघडल्या, आणि सगळ्यावर निळसर अ‍ॅश (राखी) छटेचा टोनर १० व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये कालवून ओलसर केसांवर वीस मिनिटं. कानावरच्या डागावर गडद तपकिरी लावला. आणि मग जो रंग आला ना, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा, उन्हात सोनेरी आणि सावलीत नुसता उबदार तपकिरी, तो मला माझ्या चेहऱ्याला इतका शोभतो की मी आजही आरशासमोर थांबते.

म्हणून माझं स्पष्ट मत, आपल्या काळ्या केसांवर घरी करायचं तर इथेच थांबा. राखाडी, प्लॅटिनम, पांढरट सोनेरी यांच्या मागे घरी लागू नका, तिथपर्यंत जाताना केसाचा जीव जातो. कॅरामल, तांबूस, मधाचा रंग, एवढं घरी नीट जमतं.

आता पाण्याबद्दल, आणि हे सोलापूरच्या बायकांनी नीट वाचा. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, बाकीचे दिवस बोअर. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, गीझरची कॉइल वर्षात खराब होते. तोच थर केसावर बसतो, केस खरखरीत होतात, टोनर सारखा चढत नाही आणि रंग लवकर तांबूस पडतो. पहिल्या वेळी मी ब्लीच बोअरच्या पाण्याने धुतलं. दुसऱ्या वेळी पाणी यायच्या दिवशीच कार्यक्रम ठेवला, दोन बादल्या नळाचं पाणी बाजूला काढून ठेवलं, आणि फरक हाताला कळला, केस मऊ सुटले. तेव्हापासून केस कसेही धुतले तरी शेवटचे दोन तांबे नळाचंच पाणी. महिन्यातून एकदा जड पाण्याचा थर काढणारा चिलेटिंग शाम्पू, दहा-बारा दिवसांनी निळा शाम्पू तीन मिनिटं, एरवी सल्फेट नसलेला. धुवायच्या आदल्या रात्री खोबरेल तेल, ते केसाच्या आत मुरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं. महागड्या मास्कपेक्षा मला याचाच जास्त गुण आला.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला तेव्हा रंगाची खरी परीक्षा झाली. स्कूटीवर स्कार्फ बांधूनच जाते, पण शेपटीची टोकं बाहेर राहायची आणि तेवढीच टोकं तांब्यासारखी झाली, स्कार्फच्या आतले केस होते तसे राहिले. मे संपताना दोन्ही रंग शेजारी धरून बघितले तर वेगवेगळ्या बायकांचे केस वाटावेत. आता अंबाडा घालून मग स्कार्फ. टोनर मार्च आणि जूनमध्ये पुन्हा लावला, ब्लीच पुन्हा नाही.

नुकसान झालंच नाही असं म्हणणार नाही. टोकं कोरडी झाली, ओल्या केसांत गुंता जास्त होतो, आता मोठ्या दातांचा कंगवा आणि खालून वर विंचरणं एवढंच चालतं. जूनमध्ये दीड इंच कापले. केस पुसायला आपला खरखरीत टर्किश टॉवेल मी बंद केला, जुन्या मऊ सुती पंच्यात गुंडाळून नुसते दाबते, तेवढ्यानेही तुटणं कमी झालं.

आणि ज्यासाठी केलं ते मिळालं, आठ महिन्यांत केस जवळजवळ आठ-नऊ सेंटीमीटर वाढले, तरी मुळाशी रेघ नाही. रंग खाली सरकलाय, बस. शाळेतल्या दोघी मैत्रिणींनी विचारलं की मुळातच असे आहेत का.

ज्यांचे केस स्मूदनिंग किंवा रिबॉण्डिंग केलेले आहेत, किंवा डोक्याला जखम-खाज आहे, त्यांनी घरी करू नये असं मला मनापासून वाटतं. आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर कुणीच नाही, हाताशी दोन महिने असतील तेव्हाच सुरू करा.

माझं पुढचं आता दिवाळीनंतर, फक्त पुढच्या दोन बटा, मागे हात लावणार नाही. नणंदेलाही करायचेत, तिच्या केसात अजून काळी मेंदी आहे, म्हणून या आठवड्यापासून तिने तिचा गुंतवळ डबीत साठवायला घेतलाय.